जोडीचा कप

ओट्यावर मांडलेल्या शेवटच्या कपातला घोट मी जिभेवर फिरवला, बेसिनमध्ये थुंकला, आणि मला काहीच कळलेलं नाही हे माझ्या लक्षात आलं. म्हणजे चहा आहे एवढं कळत होतं. पण पहिल्या कपात आणि या कपात फरक काय, असं कुणी विचारलं असतं तर मी आमच्या बाबांसारखी मान हलवून म्हणाले असते, "चांगलाय." बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर बस चालवली आणि जन्मभर स्टॅण्डवरचा उकळून उकळून काळा झालेला चहा प्यायला, त्यामुळे त्यांना सगळेच चहा चांगले लागतात. मला लागत नाहीत. न लागण्याचाच मला पगार मिळतो. चहाच्या एका पेढीत मी चहा चाखायचं काम करते. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग असते, प्रत्येकातून चमचाभर चहा घ्यायचा, जोरात भुरका मारून तो टाळूवर आपटायचा, क्षणभर तोंडात ठेवायचा आणि चाकांवर सोबत सरकणाऱ्या भांड्यात थुंकून पुढच्या कपाकडे सरकायचं. मग तो चहा ताठ आहे की बसका, कोवळा आहे की भाजताना करपला, हे सांगायचं. हे सगळं मी इतकी वर्षं झोपेतसुद्धा करत आले होते, आणि आज भर दुपारी, उजेडात, स्वतःच्या ओट्यापाशी उभी राहून मला ते जमलं नव्हतं. मी रांगेच्या सुरुवातीला गेले. परत भुरका मारला. परत तेच. सगळे कप एकच लागत होते, एकाच नळाचं पाणी भरल्यासारखे.

डबे सकाळी आले होते. पेढीचा ड्रायव्हर आला, दारातच खोकं ठेवून म्हणाला, "थोरल्यांनी दिलंय," आणि बाळ बघायलाही न थांबता निघून गेला. थोरले म्हणजे आमच्या चाखण्याच्या खोलीतले सर्वांत जुने. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कानावर पडतं. खोक्यात नमुन्यांचे पत्र्याचे छोटे डबे होते, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी चिकटवलेली. सोबत निरोप नाही, काही नाही. निरोपाची गरजही नव्हती, कारण खोकं उघडल्याबरोबर हे काय आहे ते मला कळलं. आमच्याकडे एक रीत आहे. रांग मांडताना कुणीतरी गुपचूप एकच चहा दोन कपांत ओततो. त्याला जोडीचा कप म्हणतात. चाखणाऱ्याला काही सांगायचं नाही. त्याने आपणहून ओळखायचं की अमुक कप आणि तमुक कप सख्खे आहेत. ओळखलं नाही तर कुणी ओरडत नाही, फक्त त्या दिवशी त्या रांगेबद्दल त्याचं मत कुणी विचारत नाही. इतकं वाईट वाटतं की त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं. थोरले या हंगामानंतर निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी मी, नाहीतर आमच्यातला तो कायम कोट घालून येणारा, ज्याला आम्ही कोटच म्हणतो, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कोट रोज टेबलापाशी होता. मी घरी, पलंगावर, खुर्चीत, मोरीच्या दारात, जिथे असेन तिथे पोरीला पाजत होते. तेव्हा थोरल्यांनी डबे पाठवले याचा अर्थ उघड होता. बाळंतपणानंतर हिची जीभ जागेवर आहे का, हे त्यांना बघायचं होतं.

आणि जीभ जागेवर नव्हती. मी आरशात बघितलं तर ती होती तिथेच होती, जरा पांढरट, बिचारी. मला तिची कीव आली. बाकी सगळ्या शरीराची मी मनात पाहणी करत असे, भाडेकरू घर सोडताना मालक करतो तशी. पाठीची वाट लागलेली. उजव्या खांद्यात एक गाठ, तिथे बोट दाबलं की कानापर्यंत कळ जाते. मनगटं दुखतात, कारण इतकुशा डोक्याचं वजन किती असतं हे धरून बसल्याशिवाय कळत नाही. स्तनांबद्दल काय बोलावं, ती आता माझी नव्हतीच, मी त्यांची होते. ती भरली की मला उठवत, रिकामी झाली की झोपू देत, आणि झोपले न झोपले तोच पुन्हा भरत. पोर रडायच्या आधी पान्हा फुटायचा. शेजारच्या घरातलं बाळ रडलं तरी फुटायचा. एकदा तर खाली रस्त्यावर मांजर ओरडलं आणि माझा झगा भिजला. मला त्याचं हसू आलं, आणि हसतानाच डोळे भरून आले, आणि दोन्हींतलं खरं कुठलं हे ठरवायलाही अंगात जोर नव्हता. तरी या सगळ्याची मला गंमत वाटायची हे खरं. थकलेल्या माणसाला कुतूहल असतं हे मला नवीन होतं. पोर ओढायला लागली की आधी काही क्षण दुखतं, मग मुंग्या येतात, मग अशी तहान लागते की समोरची बादली तोंडाला लावावी. दर वेळी तसंच आणि तेवढंच. मी वाट बघायची. आता मुंग्या, म्हणायची, आता तहान. आणि ती यायची.

"इतक्या लवकर लवकर मागते हो," मी घरी येणाऱ्या नर्सबाईंना म्हटलं होतं. "आत्ता घेतलं, ढेकर काढला, खाली ठेवलं की परत. माझं दूध कमी पडतंय का?"

"कमी पडत असतं तर अशी गुबगुबीत झाली असती का?" नर्सबाई पोरीची मांडी चिमटीत धरून म्हणाल्या. "वाढतेय ती. या वयात करतात असं. जेवढं ओढेल तेवढं येणार. तुमचं काय ते सांगा. सलग झोप कधी झाली?"

मी आठवायला लागले. नर्सबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "आठवावं लागतंय म्हणजे बघा. हाताने थोडं काढून ठेवत जा, उकळलेल्या वाटीत. एक वेळ दुसऱ्या कुणीतरी चमच्याने पाजायचं. तेवढ्यात तुम्ही आडवं व्हायचं. घरात कोण असतं दिवसा?"

"बाबा असतात. पण त्यांना नाही जमायचं," मी म्हटलं, आणि बाबा बाहेरच्या खोलीत खाकरले.

बाबांचं ते खाकरणं हे आमच्या घरातलं एक स्वतंत्र प्रकरण झालं होतं. मी पाजायला बसलेली असेन या धास्तीने ते कुठल्याही खोलीत शिरण्याआधी खाकरत. सुरुवातीला एकाच दाराशी. पण मी सगळीकडेच पाजायला लागल्यावर ते सगळीकडेच खाकरायला लागले, स्वयंपाकघराशी, बाल्कनीशी, एकदा तर फ्रीज उघडण्याआधी. एवढी मोठी बस गल्लीबोळातून काढणारा माणूस, पण घरात अंग चोरून वावरायचा. पोरीला ते मॅनेजर म्हणत. "मॅनेजर उठल्या का? मॅनेजरांचा मूड कसाय आज?" लांबूनच. तिला उचलून घ्यायला सांगितलं तर म्हणायचे, "नको गं, माझे हात स्टिअरिंगचे." सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी. त्या नवऱ्याच्या लहानपणीच गेल्या. नवऱ्याला कुणी वाढवलं, कुणी भरवलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. नवरा छापखान्यात जातो तो संध्याकाळीच उगवतो. आल्यावर तो पोरीला घेऊन फिरतो, गातो, लंगोट बदलतो, सगळं करतो. पण दूध काही त्याला येत नाही, आणि प्रश्न दुधाचाच होता. नर्सबाईंचा उपाय त्याने दोनदा सुचवला. दोन्ही वेळा मी त्याच्या अंगावर धावून गेले. का, ते मलाही कळलं नाही. ओट्यापाशी त्या बेचव कपांसमोर उभी असताना मात्र ते थोडंसं कळलं. आमच्या टेबलापाशी दुसऱ्याच्या चमच्याला हात लावत नाहीत. माझा चमचा माझ्या पहिल्या दिवसापासूनचा आहे, खोलगट, दांड्याला अंगठ्याने पडलेला खळगा. तू चाखून सांग, मी मान्य करतो, असं आमच्यात नसतं. प्रत्येकाने आपल्या तोंडाने खात्री करायची. इतकी वर्षं तसं वागून माझ्या अंगात ते भिनलं होतं. जे मी स्वतः केलं नाही ते झालंच नाही. आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं, ते सांगायला लाज वाटते. माझ्यावाचून तिचं भागलं तर?

मॅनेजर रडल्या. मी चमचा तसाच हातात घेऊन आत गेले. तिला डावीकडे घेतलं. आता दुखेल. आता मुंग्या. आता तहान. उजवीकडून नेहमीप्रमाणे आपसूक गळायला लागलं, तेव्हा झगा भिजू नये म्हणून मी शेजारच्या स्टुलावरचा एक कप पकडला. आमच्या कामाचेच कप ते, उकळून पालथे घातलेले. दूध टपटपत पांढऱ्यात पांढरं पडायला लागलं. जरासं निळसर होतं. रंगाकडे बघायची सवय जात नाही. चहाचा रंग आम्ही उजेडाकडे धरून बघतो, तसा मी कप खिडकीकडे कलता केला. आणि माझ्या मनात जे आलं ते इतके दिवस का आलं नव्हतं याचंच मला नवल वाटलं. दिवसभर माझ्या अंगातून एक गोष्ट तयार होऊन जात होती आणि चाखायचा धंदा असलेल्या मी तिची चवसुद्धा बघितली नव्हती. स्वतःच्या कारखान्याचा माल! मी चमचा बुडवला आणि सवयीने असा काही भुरका मारला की पोरीने स्तन सोडून माझ्याकडे बघितलं.

गोड होतं. हलकं, पाणीदार गोड, खरबुजाच्या सालीजवळच्या भागासारखं. मी ते टाळूवर घेतलं, जिभेच्या कडांना लावलं, आणि कपाशेजारच्या रुमालात थुंकले. थुंकल्यावर मला कसंसंच झालं. दुसरा कप घेतला. पोर डावीकडचं संपवत आली होती, तिचं ओढणं संथ झालं होतं. तिला सोडवून मी त्या बाजूचे शेवटचे थेंब पिळून घेतले. हे दाट होतं. चमच्याला चिकटत होतं. चव गोडाच्या पुढे गेलेली, सायीची, आणि अगदी मागे मिठाचा एक कण. पहिल्यात नव्हता. मी परत पहिलं घेतलं, परत दुसरं. फरक होता, आणि तो मी डोळे मिटूनही सांगितला असता. म्हणजे सुरुवातीला पाणी येतं आणि शेवटी साय, म्हणूनच ही बया शेवटी शेवटी सोडत नाही! एवढं या दीड महिन्याच्या पोरीला ठाऊक, आणि मी तिला चिडून म्हणायची, "झालं ना आता, सोड की." मी तिच्याकडे जरा आदराने बघितलं. मग एकदम भानावर आले. माझी जीभ शाबूत होती. मग चहाचं काय झालं? की जिभेने मला न विचारता नोकरी बदलली?

मी ओट्याकडे निघाले, पण दोन पावलांतच परत वळून स्टुलाशेजारच्या खुर्चीत बसले. पोर खांद्यावर. ती परत तोंड फिरवून शोधायला लागली होती. आत्ता घेतलं होतं. आत्ता. मला हात उचलवेना. खरंच उचलवेना, हात माझ्या मांडीवर होता आणि मी त्याला उठ म्हणत होते आणि तो ऐकत नव्हता. दाराशी खाकरणं झालं.

"बाबा, या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कुणा म्हातारीचा वाटला.

ते आत आले, माझ्याकडे बघायचं टाळून त्यांनी स्टुलावरच्या कपांकडे बघितलं. आतलं दूध बघितलं. मग भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "ते... ताजंय का?"

"आत्ताचंय."

"मी पाजू का? म्हणजे, तुला चालत असेल तर. तुझ्या नवऱ्याला मीच पाजायचो, पावडरचं. विसरलो नसेन बहुतेक."

नको, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तोंडातून "मान धरा नीट" एवढंच आलं. त्यांनी स्टिअरिंगचे ते हात पुढे केले आणि पोरीला माझ्या खांद्यावरून असं उचललं की माझ्या मानेला तिचा श्वास सुटलेलाही कळला नाही. पलंगापर्यंत मी कशी गेले आठवत नाही.

जागी झाले तेव्हा खिडकीतला उजेड तांबूस झाला होता. आणि कानावर भुरका येत होता. छोटा, ओला, घाईचा भुरका. मग थोडं थांबून परत. मला वाटलं मी टेबलापाशी आहे, माझी पाळी आली आहे आणि मी उशीर केला. मग अंगाखालची चादर लागली. अंग दगडासारखं जड होतं, पण आतून कुणीतरी झाडून घेतल्यासारखं स्वच्छ. मी उठून दारात गेले. बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले होते, पोर त्यांच्या मांडीवर अर्धवट उभी धरलेली, आणि ते तिच्या खालच्या ओठाला चमचा टेकवून वाट बघत होते. ती आपणहून जीभ बाहेर काढून ओढून घेत होती. भुर्र. चमचा माझा होता. माझा चमचा, ज्याला कोटनेसुद्धा कधी बोट लावलं नाही. मला राग येईल म्हणून मी वाट बघितली. मुंग्यांची बघते तशी, तहानेची बघते तशी. राग आला नाही. नुसतं बघत राहावंसं वाटलं. चमच्याच्या खळग्यात बाबांचा जाडजूड अंगठा नीट बसला होता.

"उकळून घेतलाय हो," बाबा वर न बघता म्हणाले. "दुसऱ्या सगळ्यांतून सांडत होतं. मॅनेजर फार आवाज करतात गं पिताना."

"माझ्यावर गेलीय," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि परत चमच्याकडे वळली. माझ्यावाचून भागत होतं. काळजात बारीकशी कळ आली, आणि तिच्यामागोमाग मोठी मोकळीक.

मग मी सगळे डबे नव्याने मांडले. नवीन पाणी, स्वच्छ कप, जेवायचा साधा चमचा. आता सबब उरली नव्हती, झोप झाली होती, जीभ धुतल्यासारखी होती. पहिला कप टाळूवर आपटताच तो मला लख्ख दिसला. भरदार चहा, ताठ पण उर्मट नाही, शेवटी मधासारखं काहीतरी रेंगाळणारं. इतका चांगला चहा क्वचित येतो. दुसरा घेतला. भरदार, ताठ, मध. तिसरा. मी रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि परत उलटी आले. सगळे एकच. या वेळी पाण्यासारखे नाहीत, अगदी स्पष्ट, पण एकच. आता मात्र मी घाबरले. थकव्यावर ढकलता येत होतं तोवर बरं होतं. मला फरक दिसतच नसेल तर टेबलापाशी मी काय करणार, कप विसळणार? मनात आलं की फोन करावा आणि ठोकून द्यावं, दुसरा आणि शेवटून दुसरा ही जोडी. जमलं तर जमलं. कोटने हेच केलं असतं, आणि चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. मी नंबर फिरवला तोपर्यंत माझं तेच ठरलं होतं. मागे पोर भुरके मारत होती. जे तोंडाला लागत होतं तेच ती घेत होती, त्यात बनवाबनवी कुठे करणार?

"सर," मी म्हटलं, "डबे मिळाले. मला जोडी सापडत नाही."

"कसली जोडी?" थोरले म्हणाले.

"मला सगळे एकच लागतायत. मी दोनदा बघितलं. झोपून उठूनही बघितलं. सगळेच्या सगळे एकच. तुम्ही कोटला द्या जागा, सर. मी काही खोटं सांगणार नाही."

मग थोरले म्हणाले, "अगं, एकच आहे तो."

"काय?"

"एकच चहा आहे. यंदाचा सगळ्यांत चांगला. मोठा डबा नव्हता हाताशी, म्हणून जुने नमुन्यांचे रिकामे डबे भरले. चिठ्ठ्या कोण काढत बसतो." ते थांबले. "तू काय... रांग मांडलीस?"

मी हातातला चमचा ओट्यावर ठेवला.

"चहा थुंकून टाकलास?"

"हो, सर."

"दोनदा?"

"तीनदा. आधी सकाळी नुसता एक कप करून बघितला होता."

ते हसत नव्हते. त्यांना हसताना आम्ही कुणी बघितलेलं नाही. "प्यायला पाठवला होता पोरी," ते म्हणाले. "नर्सने एखादा कप चालेल म्हटलं असेल ना? मग पी. आणि जागेचं म्हणशील तर, दुसऱ्या कुणाला हे डबे पाठवले असते ना, तर त्याने संध्याकाळपर्यंत मला कुठलीतरी जोडी शोधून दिली असती. ये सावकाश. बाळाचं होऊ दे."

मी फोन ठेवला आणि ओट्याकडे बघितलं. एवढे कप, एवढा चहा, सगळा गार होत चाललेला. बेसिनमध्ये तपकिरी डाग. मी परत पाणी ठेवलं. बाबांसाठी एक आणि माझ्यासाठी एक, एवढेच दोन कप केले. बाबांनी पोरीला खांद्यावर टाकलं होतं आणि ते तिची पाठ थोपटत होते, दारात न खाकरता, अगदी ओट्याला टेकून. मी कप उचलला. भुरका न मारता, हळूच, एक घोट घेतला आणि तोंड आपोआप बेसिनकडे वळलं. ते मी परत सरळ केलं आणि घोट गिळला. तो घशातून खाली गेला, छातीच्या आत, जिथून दिवसभर दूध बाहेर जातं तिथून तो आत चालला होता, आणि पोटापर्यंत पोचलेला मला कळला. चहा तोंडानंतरही असतो हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कसाय गं?" बाबांनी विचारलं.

माझ्याकडे या एका प्रश्नासाठी शेकडो शब्द आहेत, आणि ते सगळे टेबलापाशीच राहिले होते.

"गरम आहे," मी म्हटलं, आणि दुसरा घोट घेतला.